खरी नक्कल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, कवी म्हणून या माईकसमोर मी याआधी तीन-चारदा येऊन गेलो. आज कविता नाही. आज माझ्या नोकरीबद्दल बोलायचं आहे, आणि त्या नोकरीतल्या अशा एका कामाबद्दल, की जे मी घरीसुद्धा फारसं सांगत नाही. कोकणात खाडीकाठच्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे. १९९३ पासून मी तिथं लिपिक आहे. शिक्षण बी.ए., मराठी घेऊन. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अशी टेबलं बदलत गेली. त्यातलं परीक्षेचं टेबल मला सगळ्यात जास्त चिकटलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलं असलं की माणसाला जन्मभर दुसऱ्यांचं लिहावं लागतं.

हे अक्षर अब्बांकडून आलं. अब्बा मामलेदार कचेरीत नकला करायचे. कुणाला जुन्या फेरफाराची, कुणाला वाटणीच्या निकालाची नक्कल हवी असायची. मूळ कागद डाव्या हाताला ठेवायचा, कोरा उजव्या हाताला, आणि ओळीला ओळ उतरवत जायचं. मूळ कागदात कुणा जुन्या कारकुनानं चूक केली असेल तर ती चूकही तशीच उतरवायची, दुरुस्त करायची नाही. खाली लिहायचं : ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. एखादी वेलांटी चुकली तर अब्बा पूर्ण कागद फाडून नव्यानं बसत. आमच्या घरात ‘नक्कल’ हा शब्द इभ्रतीचा होता. महाविद्यालयात नोकरीला लागलो आणि कळलं, इथं तिला कॉपी म्हणतात आणि ती पकडायची असते.

कॉपी पकडली जाते तेव्हा गलका होतो असं तुम्हाला वाटत असेल. होत नाही. उलट वर्ग एकदम गप्प होतो. एप्रिलचा उकाडा, वर पंख्याची कुरकुर, आणि पन्नास पेनं एकाच वेळी थांबलेली. मग व्हरांड्यातून एक लहानशी वरात कार्यालयाकडे येते. पुढे शिपाईमामा, मध्ये विद्यार्थी, मागे उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी हातात धरलेले पर्यवेक्षक. चिठ्ठ्यांचे नमुने मी खूप पाहिले. मायक्रो झेरॉक्सची अडीच बोटांची पट्टी, ओढणीच्या काठावर बॉलपेननं लिहिलेली व्याख्या, कंपासपेटीच्या झाकणात पेन्सिलीनं कोरलेली सनावळी. एकानं तर चपलेच्या पट्ट्याखाली पंचवार्षिक योजना घालून आणल्या होत्या, पहिलीपासून आठवीपर्यंत. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. त्या पोराला ती भरपूर होती. ज्या वेळात त्यानं त्या योजना इतक्या बारीक अक्षरात बसवल्या, त्या वेळात त्या पाठ झाल्या असत्या.

आता कार्यालयात काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. आमचं महाविद्यालय मुंबई विद्यापीठाचं. गैरप्रकारांसाठी विद्यापीठाचा ५०५० क्रमांकाचा अध्यादेश होता आणि त्यात एक तक्ता. डाव्या बाजूला गैरप्रकार, उजव्या बाजूला शिक्षा. जवळ साहित्य सापडलं तर त्या परीक्षेतली सगळी संपादणूक रद्द. एका पेपरची नव्हे, सगळ्या पेपरांची. सापडलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष उतरवलंही असेल, तर त्याशिवाय पुढच्या आणखी एका परीक्षेला बसायला बंदी. दुसऱ्याच्या नावावर कुणी बसला तर याहून कितीतरी कडक. विद्यापीठाच्या परीक्षेतलं प्रकरण लखोट्यात घालून, लाख लावून मुंबईला जायचं. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या परीक्षा मात्र त्या काळी महाविद्यालयच घ्यायचं, म्हणून त्यांची चौकशीही महाविद्यालयातच. प्राचार्य समिती नेमत. समितीत प्राध्यापक, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर इतिवृत्त लिहायला मी.

त्याआधी, परीक्षेच्या दिवशीच, विद्यार्थ्याकडून दोन कागद घ्यायचे असतात. एक जबाब. म्हणजे काय झालं ते त्याच्या तोंडून. दुसरं हमीपत्र. म्हणजे समिती जो निर्णय देईल तो मला मान्य राहील, या अटीवर मला पुढचे पेपर देऊ द्यावेत. जबाब द्यायला त्यानं नकार दिला तर नकार दिला एवढीच नोंद करून पर्यवेक्षकांनी आणि केंद्रप्रमुखांनी सह्या करायच्या. नियम इतका साधा आहे. कबुली द्यायलाच हवी असं त्यात कुठंही नाही.

आमच्याकडे मात्र एक नमुना होता. तो मी तयार केला होता. नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अधीक्षक म्हणाले, “भाई, पोरं काहीही लिहितात, शुद्धलेखन नाही, अर्थ नाही. तुम्ही साहित्यिक आहात, एक चांगला मसुदा करून ठेवा.” मी केला. आठ ओळींचा. मी अमुक, आज रोजी अमुक विषयाच्या पेपरला माझ्याजवळ आक्षेपार्ह साहित्य सापडले, ते माझेच आहे, माझ्याकडून घडलेल्या कृत्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे, पुन्हा असे करणार नाही, समितीचा निर्णय मला मान्य राहील. जबाब आणि हमीपत्र मी एकाच कापडात शिवून टाकलं होतं. ‘मनापासून’ हा शब्द घालताना मी थोडा थांबलो होतो, हे आठवतं. लय नीट बसते म्हणून ठेवला. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचा. पोरं समोर उभी राहून, वाकून, बघून बघून लिहायची.

दहा वर्षं हे चाललं. त्यात काही चुकतं आहे असं मला वाटलं नाही, समितीला वाटलं नाही, कुणा पालकालाही वाटलं नाही. उलट फायली नीटनेटक्या झाल्या म्हणून प्राचार्यांनी एकदा कौतुक केलं.

२००३ च्या एप्रिलमधली गोष्ट. प्रथम वर्ष कला, अर्थशास्त्राचा पेपर. खाडीपलीकडून पहिल्या तरीनं येणारी एक मुलगी. तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. हातात नाही, उत्तरपत्रिकेत नाही, बाकाखाली. पर्यवेक्षकांनी अहवालात ‘विद्यार्थिनीजवळ’ असं लिहिलं. तीन बाकांचा वर्ग सांभाळत नव्हते ते, पन्नास मुलांचा सांभाळत होते, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. ती कार्यालयात आली तेव्हा रडत नव्हती. “माझी नाही ती,” एवढंच म्हणाली, एकदाच. मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हे लिहून दे बाळ, म्हणजे उद्याचा पेपर देता येईल.”

श्रोतेहो, हे खोटं होतं. उद्याचा पेपर तिला हमीपत्रावर देता आला असता, कबुलीशिवाय. मला ते माहीत होतं. अध्यादेश माझ्याच कपाटात होता. पण साडेअकरा वाजले होते, केंद्रप्रमुख आत वाट बघत होते, आणि जबाब वेगळा, हमीपत्र वेगळं, नकाराची नोंद वेगळी असं करायला अर्धा तास गेला असता. तिनं लिहिलं. हळूहळू, बघून, आठही ओळी.

मे महिन्यात समिती बसली. त्या दिवशी अकरा प्रकरणं होती आणि दुपारी दोघा सभासदांना एस.टी. पकडायची होती. एकेकाला सहा-सात मिनिटं. तिची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी तिनं लिहून दिलेला कागद उचलला, तिच्यासमोर धरला आणि विचारलं, “हे अक्षर तुझंच ना?” ती म्हणाली, “हो.” मी इतिवृत्तात लिहिलं : विद्यार्थिनीने कबूल केले. संपूर्ण संपादणूक रद्द.

संध्याकाळी फाईल लावायला बसलो. जबाब, त्याखाली पर्यवेक्षकांचा अहवाल, त्याखाली चिठ्ठी, असं टाचणीनं लावायचं असतं. तेव्हा दोन्ही कागद पहिल्यांदा शेजारी आले. मी नकलाकाराचा मुलगा. मला अक्षर वाचण्याआधी दिसतं. मुलीचा ‘ल’ पाकळीचा होता, शाळेत मराठीच्या बाईंनी गिरवून घेतलेला. चिठ्ठीतला ‘ल’ दंडाचा, हिंदी पुस्तकात असतो तसा. ‘श’ वेगळा, ‘र’ वेगळा, ओळींचा उतार वेगळा. अध्यक्षांनी अक्षराचाच प्रश्न विचारला होता, फक्त चुकीच्या कागदाबद्दल. चिठ्ठी तिच्या हातात त्यांनी दिलीच नाही.

आता चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घेता येते, हे मला कळतं. मैत्रिणीची आणता येते. ती मुलगी निर्दोषच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विचारायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी अधीक्षकांकडे दोन्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “भाई, समितीत तुम्ही आहात का?” नव्हतो. त्या समितीत मला लेखणी होती, मत नव्हतं. मी फाईल बंद केली. ऑक्टोबरच्या परीक्षेचे अर्ज आले, त्या गठ्ठ्यात तिचा अर्ज नव्हता. पुढच्या मार्चमध्येही नव्हता. दोन-तीन वर्षांनी एका निकाहसाठी खाडीपलीकडे गेलो होतो, तेव्हा आडून चौकशी केली. लग्न होऊन गेली, एवढंच कळलं.

यानंतर मी लगेच सुधारलो असं समजू नका. नमुना काचेखालीच होता. तो निघाला तो एका पोराच्या प्रश्नानं. २००५ असावं. वाणिज्यचा मुलगा, उत्तरपत्रिकेखाली पट्टी ठेवून उतरवताना पकडलेला, सगळं मान्य असलेला. मी काचेवर बोट ठेवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “सर, हे बघूनच लिहू ना?”

शिपाईमामा हसले. मला हसू आलं नाही. कॉपी केल्याची कबुली आम्ही पोरांकडून कॉपी करून घेत होतो, आणि मूळ प्रत माझी होती. दहा वर्षांच्या फायली काढून बघितल्या असत्या तर शंभरावर मुलांनी एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वल्पविरामासह लिहिलेलं सापडलं असतं. उत्तरपत्रिकांत असं साम्य दिसलं असतं तर आम्ही सामुदायिक कॉपी म्हणून सगळं केंद्रच बंद केलं असतं.

याच सुमारास आमच्या गावातल्या एका वकिलांशी बोलणं झालं. ते महाविद्यालयात पाहुणे म्हणून आले होते. मी सहज विषय काढला, नाव-गाव न सांगता. ते म्हणाले, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात कधीच निकालात निघाला आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळानं १९५४ मध्ये इंटरमीजिएटला पास झालेल्या तीन मुलांचा निकाल नंतर रद्द केला आणि पुढच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही. त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. १९६२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मुलाच्या भवितव्यावर असा घाव घालणारी समिती न्यायदानाचंच काम करत असते. तिला समोरच्याचं म्हणणं ऐकावंच लागेल. १९७० मध्ये बिहारच्या एका केंद्राचं प्रकरण आलं. तिथं केंद्रच्या केंद्र कॉपीत बुडालेलं होतं. तेव्हा सरन्यायाधीश होते हिदायतुल्ला, आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले. त्यांनी म्हटलं, संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळं बोलावून ऐकायची गरज नाही, कारण तिथं कुणा एकावर आरोप नसतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ज्याच्या नावावर ठपका ठेवायचा, त्याला बोलू द्यायचं. आणि बोलू द्यायचं म्हणजे त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत.

२००६ मध्ये नव्या प्राचार्य मॅडम आल्या. मी धीर करून त्यांना नमुन्याबद्दल सांगितलं. त्या मुलीबद्दल नाही सांगितलं. मॅडमनी नमुना काढायला लावला. त्याऐवजी दोन प्रश्नांचा कागद केला : तुमच्याजवळ काय सापडलं आणि ते तुमचं आहे का? तुम्हाला काय सांगायचं आहे? हमीपत्र वेगळं. चौकशीच्या वेळी सापडलेली वस्तू विद्यार्थ्यासमोर ठेवायची, हाही शिरस्ता त्यांनी घातला. तो अध्यादेशात अपेक्षितच होता. आम्ही घाईत विसरलो होतो.

पहिल्या वर्षी मला वाटलं, आता खरं खरं बाहेर येईल. तसं काही झालं नाही. पोरं कोऱ्या कागदासमोर बसून राहिली. त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायची सवयच नव्हती. पहिलीपासून प्रश्नाखाली उत्तर आणि उत्तराखाली गाईड. एकानं विचारलं, किती मार्कांचं आहे? मग हळूहळू काही कागद येऊ लागले. एकानं लिहिलं, ‘ट्रॉलरवर होतो, परवा किनाऱ्याला लागलो, काल पुस्तक घेतलं.’ एकीनं नुसतं ‘भीती वाटली’ लिहून सही केली. एकानं आई वारल्याचं अशा काही भाषेत लिहिलं की समितीतल्या एक मॅडम डोळे पुसायला लागल्या. जूनमध्ये त्याची आई फी भरायला माझ्या खिडकीशी उभी. स्वतःचे शब्द म्हणजे खरे शब्द नव्हेत, हे मी कवी असून विसरलो होतो.

पण एक कागद असा आला की समिती अडली. द्वितीय वर्षाचा मुलगा. दोन पानं. त्यानं कॉपी कबूल केली होती, पहिल्याच ओळीत. पुढे लिहिलं होतं की या विषयाला वर्षभर शिक्षक नाहीत. जे सर होते ते निवृत्त झाले, जागा भरली नाही, तासिका तत्त्वावर आलेले सर दिवाळीनंतर दुसरीकडे गेले. पहिल्या सत्रात इतके तास झाले, दुसऱ्या सत्रात इतके, अशी त्यानं मोजणी दिली होती. समितीतले एक सर म्हणाले, “हे विषयाला सोडून आहे.” दुसरे म्हणाले, “हे फाईलला लावलं तर उद्या कुणी मागेल.” बरीच चर्चा झाली. शिक्षा झाली, नियमाप्रमाणे, आणि व्हायलाच हवी होती. त्याच वर्गात न शिकवलेला तोच विषय स्वतः वाचून पास झालेल्या मुली होत्या. पण कागद फाईलला लागला. मी लावला. अध्यक्षांनी ‘लावू नका’ असं स्पष्ट म्हटलं नव्हतं, म्हणून लावला. माझ्या नोकरीतलं एवढंच काय ते शौर्य.

मला कुणी विचारलं की तुम्ही कॉपी करणाऱ्यांच्या बाजूचे का, तर मी नाही. माझ्या मुलीनं फाउंडेशन कोर्सचा प्रकल्प केला होता, खाडीतल्या वाळूउपशावर. तीन रविवार होडीवाल्यांशी बोलत फिरली, स्वतः नकाशा काढला. तिला चौदा गुण. शेजारच्या बाकावरच्यानं झेरॉक्सवाल्याकडून तयार प्रकल्प आणला, ‘पर्यावरण : काळाची गरज’, स्पायरल बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. त्याला अठरा. तो प्रकल्प मी आमच्याच कार्यालयात, वेगवेगळ्या नावांनी, इतक्यांदा पाहिला आहे की त्याच्या तिसऱ्या पानावरची छपाईची चूक मला पाठ आहे. त्यासाठी कधी समिती बसली नाही. बसवायची तर आधी ते तीनशे प्रकल्प कुणीतरी वाचायला हवे होते. ते एका दुपारी सह्या करून संपलेले असतात. बाकाखालच्या दोन बोटांच्या चिठ्ठीला वर्ष, आणि चाळीस पानांच्या चोरीला अठरा गुण.

वरच्या पायरीवर तर आणखी गंमत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. चांगले आहेत, समित्यांच्या दोन पायऱ्या आहेत, म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद आहे. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. मी हे वाचलं तेव्हा टेबलावर तसाच बसून राहिलो. तिशी ओलांडलेला, पगारी, ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिणारा संशोधक एक तृतीयांश दुसऱ्याचं उचलतो, तेव्हा आपण त्याला म्हणतो, सुधारून आण. आणि अठरा वर्षांच्या पोरीला, जिच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिली असते, तिला सुधारून आणायला एक कागदही देत नाही. पीएच.डी.वाल्याची शिक्षा वाढवा असं मी म्हणत नाही. ‘सुधारून आण’ हा शब्द खालच्या मजल्यावरही असावा, एवढंच.

करोनाच्या काळात, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, अंतिम वर्षाच्या परीक्षा मोबाईलवर झाल्या. त्यावर बोलण्यात अर्थ नाही. तेव्हा पर्यवेक्षकही घरी होते आणि चिठ्ठ्याही. आता चिठ्ठी खिशात राहिलेलीच नाही. मोबाईलला प्रश्न विचारला की तो अख्खा निबंध लिहून देतो, शुद्ध मराठीत, स्वल्पविरामासह. प्राध्यापक मंडळी वैतागलेली आहेत. एखाद्या मुलीनं खरंच चांगलं लिहिलं तरी संशय घेतात, आणि तो संशय खरा की खोटा हे ठरवणारं भरवशाचं यंत्र नाही. पुन्हा तोच प्रश्न येतो, तिला समोर बसवून विचारण्याचा. तिनंच लिहिलं असेल तर ती दहा मिनिटं त्यावर बोलेल. या दहा मिनिटांना आमच्याकडे वेळ नसतो.

गेल्या वर्षी एक मुलगा मोबाईलसह पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दिलगिरीचं पत्र आणून दिलं, टंकलिखित. वाचायला लागलो आणि चमकलो. घडलेल्या कृत्याबद्दल मनापासून दिलगीर, भविष्यात पुनरावृत्ती होणार नाही. मी विचारलं, “हे कुणी लिहिलं?” त्यानं मोबाईलकडे बघितलं. माझा जुना नमुना कुणी त्या यंत्राला शिकवला कोण जाणे. मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं आणि चहा सांगितला. पाऊण तास लागला त्याला. पाच ओळी. त्या समितीपुढे गेल्या.

आता ती जुनी फाईल. २०२३ मध्ये नॅकची समिती येणार म्हणून आमच्याकडे रेकॉर्ड रूमची साफसफाई निघाली. मुदत संपलेल्या फायलींची यादी करून त्या रद्दीत द्यायच्या. यादी करायला मीच, अक्षर चांगलं ना. गैरप्रकार, एप्रिल २००३. टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडलेला. वर तिच्या पाकळीच्या ‘ल’नं लिहिलेल्या माझ्या आठ ओळी, आणि तळाशी ती चिठ्ठी. वीस वर्षांत दोन्ही कागद सारखेच पिवळे झाले होते. अक्षरं मात्र अजून वेगळी होती.

मी टिपणीचा कागद घेतला. त्यावर लिहिलं : सदर प्रकरणी सापडलेल्या चिठ्ठीचे अक्षर व विद्यार्थिनीच्या जबाबाचे अक्षर भिन्न आहे. ही बाब त्या वेळी माझ्या निदर्शनास आली होती. मी ती समितीच्या निदर्शनास आणली नाही. जबाबाचा मजकूर विद्यार्थिनीचा नसून माझा आहे. खाली सही, तारीख. टिपणी फाईलला लावून आताच्या प्राचार्यांकडे घेऊन गेलो. ते वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत. २००३ मध्ये ते स्वतः कुठंतरी परीक्षा देत असतील. त्यांनी दोनदा वाचलं.

“भाई, आता याचा काय उपयोग? ही फाईल तर आज रद्दीत जाणार.”

मी म्हटलं, “हो सर, यादीत आहे.”

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन काढलं, टिपणीच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही केली आणि फाईल परत दिली. बाहेर मामा सुतळी घेऊन उभे होते.